फेब्रुवारीचे दिवस कमी का?

प्रश्न : सम्राट ऑगस्टसने आपल्या नावाच्या महिन्यासाठी फेब्रुवारीचा एक दिवस काढून घेतला, असे सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. ही कथा मध्ययुगातली आहे, इ.स.पू. 8 मध्ये सेक्स्तिलिस महिन्याला ऑगस्टसचे नाव मिळाले, तेव्हा त्याचे 31 दिवस आधीपासूनच होते. खरे कारण रोमन धर्मश्रद्धेत आहे, आणि ते या कथेपेक्षा कितीतरी अधिक विचार करायला लावणारे आहे. रोमन लोक विषम संख्या शुभ मानत, म्हणून त्यांच्या जुन्या पंचांगात चार महिने 31 दिवसांचे आणि सात महिने 29 दिवसांचे होते. परंतु बाराही महिने विषम ठेवले तर वर्षाची बेरीज सम होते, त्यामुळे 355 दिवसांच्या वर्षात एका महिन्याला सम संख्या स्वीकारावीच लागली. हा वाटा शुद्धीच्या आणि मृतांच्या महिन्याला, फेब्रुवारीला, आला. ‘फेब्रुआ’ म्हणजे शुद्धीकरणाची साधने, त्यावरून महिन्याचे नाव पडले. 13 ते 21 तारखांना ‘पारेंतालिया’ पाळला जाई : घरोघरचे लोक पूर्वजांच्या थडग्यांवर फुले, धान्य, मीठ, मद्यात भिजवलेली भाकरी ठेवत, या काळात देवळे बंद असत आणि विवाह होत नसत. ज्युलियस सीझरने इ.स.पू. 46 मध्ये पंचांग सुधारताना वर्षात दहा दिवस वाढवले, पण ते सगळे इतर महिन्यांत वाटले. पाताळदेवतांच्या विधींना बाधा येऊ नये म्हणून फेब्रुवारीला त्याने हात लावला नाही, असे रोमन लेखक मॅक्रोबियस सांगतो.