डांबरी रस्त्यावर आल्यावर फोर बाय फोर सुटत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की शेतातल्या चिखलातून फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद देणारी स्थिती) गाडी बाहेर काढली, तशीच सडकेवरून गावापर्यंत आणली, आणि आता लिव्हर टू-एचकडे (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद) अर्ध्यावर येऊन अडकतो. फोर बाय फोरचा दिवा विझत नाही, वळणावर स्टेअरिंग जड लागतं, आणि गॅरेजवाला ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) खोलायचं म्हणतोय. माझं स्पष्ट मत, अजून खोलू देऊ नका. मी जीप, जिप्सी, थार अशा लिव्हरवाल्या गाड्यांचंच काम करतो. या लक्षणांत बहुतेक वेळा आत काही मोडलेलं नसतं, पीळ बसलेला असतो.

या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांच्या) मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नाही. फोर-एच टाकला की दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि एकाच वेगाने फिरतात. वळताना मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा मोठा फेर पडतो. चिखलात, मुरमावर टायर जरासे घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ते घसरत नाहीत, मग तो फरक शाफ्टमध्ये ताण होऊन साठतो, हाच पीळ. आतला स्लीव्ह (दोन्ही शाफ्ट जोडणारी सरकती कडी) या ताणाखाली दातांत इतका आवळला जातो की हाताने सरकतच नाही. अशा वेळी दोन्ही हातांनी लिव्हर खेचलात तर फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) वाकेल, आणि मग खरंच खोलावं लागेल.

आधी पीळ काढा. सपाट, सरळ जागा बघा. लिव्हरवर टू-एचच्या दिशेने हलका दाब ठेवा आणि स्टेअरिंग अगदी सरळ धरून १०-१५ फूट मागे घ्या. मागे जाता जाताच क्लच दाबा. पुष्कळदा इथेच लिव्हर ‘खट्’ करून सुटतो. नाही सुटला तर रस्त्याकडेच्या मोकळ्या मातीवर गाडी उतरवा आणि थोडं पुढे-मागे करून पुन्हा बघा.

तरीही हलत नसेल तर जॅक काढा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, इंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला, आणि पुढचं एकच चाक जमिनीपासून जेमतेम उचला. उचलताना चाकाला हात लावू नका, पीळ सुटताना ते झटक्याने फिरतं. गाडीखाली तर अजिबात जायचं नाही. आता लिव्हर टू-एचला घ्या आणि उचललेलं चाक हाताने फिरवून बघा. (पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाक आसाला जोडणारे-सोडणारे जोड, हाताने लॉक करायचे असतील तर आधी दोन्ही लॉकवर ठेवा, नाहीतर ही परीक्षा फसवी ठरते.) चाक सहज फिरलं तर पुढचा शाफ्ट सुटलेला आहे, आणि तरी दिवा जळत असेल तर ट्रान्सफर केसवरचा स्विच किंवा त्याची वायर बघायची. लिव्हर पूर्ण टू-एचला येऊनही चाक जागचं हलत नसेल, तर स्लीव्ह अजून गुंतलेला आहे. मग खालच्या लिंकेजकडे (लिव्हर आणि फोर्क जोडणाऱ्या दांड्यांकडे) वळा. पावसाळ्यात तिथे चिखल बसतो, पिना गंजतात, बुश झिजलेले असतात, आणि लिव्हर वर पूर्ण आला तरी खाली फोर्क अर्धाच सरकतो.

टायर कधी बदललेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते तपासाच. पुढे नवे आणि मागे जुने टायर असतील, मागच्यांची नक्षी ५ मिमी जास्त झिजली असेल, तर व्यासात १ सेंमीचा फरक पडतो. पाऊण मीटर उंचीच्या टायरला ढोबळ हिशेबाने एका किलोमीटरमागे सुमारे १३ मीटरचा फरक झाला, तोही सरळ रस्त्यावर. अशी गाडी कितीदाही सोडवा, फोर-एचमध्ये डांबरावर आली की परत अडकणार. चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले आणि सारख्या हवेचे हवेत.

हब आपोआप लॉक होणारे असतील तर टू-एच टाकल्यावर थोडं रिव्हर्स घेतल्याशिवाय ते सुटत नाहीत. व्हॅक्यूमवाले (हवेच्या ओढीने लॉक होणारे) असतील तर नळी फाटली आहे का बघा. पण नुसता हब अडकला तर पुढून घरघर येते, स्टेअरिंग तुमच्यासारखं जड होत नाही. त्यामुळे मी सुरुवात तिथून करणार नाही.

सुटेपर्यंत हायवेला जाऊ नका. गाडी न्यायचीच असेल तर चारही चाकं वर घेणाऱ्या गाडीवर न्या. दोन चाकं उचलून ओढली तर जमिनीवरची चाकं ट्रान्सफर केसमार्फत उचललेली चाकंही फिरवतील, आणि आतलं सगळं तापून जाईल.

हे सगळं करूनही सुटलं नाही तर गॅरेजवाल्याला आधी फक्त ट्रान्सफर केसचं ऑइल काढायला सांगा, तेही तुमच्यासमोर स्वच्छ भांड्यात. ड्रेन प्लगवर बारीक राखाडी लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. दातांचे किंवा फोर्कचे तुकडे पडले तर तो म्हणतो ते बरोबर आहे, खोलू द्या.