खारा वारा आणि म्हाताऱ्या गाड्या

गणपती जवळ आले की माझ्याकडे येणारी पत्रं वाढतात. गावी आलेला चाकरमानी घरामागच्या मांगरात (गुरं-अवजारांच्या खोपटात) डोकावतो, ताडपत्रीचं टोक उचलतो, आजोबांची गाडी बघून गहिवरतो आणि मला लिहायला बसतो. या वेळचे प्रश्न बरेचसे त्याच वळणाचे आहेत. आधी सगळ्यात अवघड घेतो.

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावी आजोबांची प्रीमियर पद्मिनी अकरा वर्षं मांगरात ताडपत्रीखाली उभी आहे. आम्ही सगळे मुंबईत. या सुट्टीत नवी बॅटरी लावून सुरू करून बघावी का?

नको. बॅटरी सगळ्यात शेवटी.

आधी ताडपत्री काढा, आणि पुन्हा घालू नका. आपल्याला वाटतं गाडी झाकून ठेवली म्हणजे जपली. मांगराची जमीन मातीची किंवा जांभ्याची. तिच्यातून चार महिने ओल वर येते आणि ताडपत्रीखाली कोंडून राहते. उघड्या पडवीत वाऱ्यावर उभी असलेली गाडी तिच्यापेक्षा बरी निघते, हे मी कितीदा पाहिलं आहे. काढताना काठी हातात ठेवा. मागच्या सीटखाली उंदराचं घर हमखास असतं, आणि उंदीर असले की धामण फार लांब नसते. उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं असेल तर बॅटरी जोडल्या क्षणी धूर निघतो, हे बॅटरी शेवटी ठेवण्याचं एक कारण.

मग तळ बघा. या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसी (खालची लोखंडी चौकट) नाही, बॉडीच सगळं वजन पेलते. दाराखालची लांब पट्टी आणि पायाखालचा पत्रा शाबूत असेल तरच पुढचा खर्च करायचा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पट्टीवर ठोकत जा. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, सडलेला भद्द करतो. मागे एकांनी अशीच चकचकीत रंगवलेली पद्मिनी दाखवायला आणली होती. खाली वर्तमानपत्र अंथरलं, पट्टीवर चार टोले दिले, तर पाणी निघायच्या भोकातून चमचाभर लाल पापुद्रे कागदावर पडले. आमचे जुने मिस्त्री शेजारी उभे होते. "मिठान पत्रो खाल्ल्यान," एवढंच म्हणाले आणि चहाला गेले. जॅकवर उचलल्यावर दार लागेना, तेव्हा मालकांनाही पटलं. अशी गाडी मधोमध वाकायला लागलेली असते.

तळ पास झाला तर इंजिन. 1089 सीसीचं हे चार सिलिंडरचं साधं इंजिन आहे, पण अकरा वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या. नंतर प्लग न लावता गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून दोघांनी हळूच ढकला. इंजिन फिरलं तर जिंकलात. नाही फिरलं तर पुन्हा ऑइल, पुन्हा वाट. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला बांधून ओढायची आयडिया कोणीतरी देईलच. त्याला चहा पाजून परत पाठवा.

टाकीतलं पेट्रोल पेट्रोल राहिलेलं नसणार. जुन्या वॉर्निशसारखा वास येतो, तळाला गंजाचा गाळ असतो. टाकी उतरवून धुवा, रबरी नळ्या सगळ्या बदला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि पद्मिनीच्या काळातलं रबर त्याला टिकत नाही, म्हणून नळी घेताना इथेनॉल चालणारीच मागा. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर ते पाणी इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते.

ब्रेक राहिले. चारही चाकांना ड्रम आहेत, आणि चाकातल्या छोट्या सिलिंडरमधले पिस्टन हमखास जाम झालेले असतात, कारण ब्रेक ऑइलही पाणी ओढतं. चारही चाकं उघडून रबरं नवी घाला, नवं ऑइल भरा. एवढं झाल्यावर बॅटरी आणा.

एक विचारतो, राग मानू नका: सुरू झाल्यावर तिला चालवणार कोण? गावातल्या कुणालातरी पंधरवड्यातून एकदा दहा-बारा किलोमीटर फिरवून आणायला सांगता येणार असेल तरच हा घाट घाला. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट. सायलेन्सर तापत नाही, धुरातलं पाणी आतच साचतं आणि तो आतून कुजतो.

प्रश्न : पूर्वीच्या गाड्यांचा पत्रा जाड होता म्हणून त्या टिकल्या, आताच्या म्हणजे कागद, असं आमचे काका म्हणतात. खरं आहे का? (गुहागर)

काकांना नमस्कार सांगा, पण अर्धंच खरं आहे. पत्रा जाड होता, पण गंजापासून त्याचं रक्षण आजच्या मानाने काहीच नव्हतं. आता गाडीचा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने तो थर सांध्यासांध्यात बसवतात. बऱ्याच पॅनेलना जस्ताचा मुलामाही असतो. जुन्या गाडीच्या पोकळ जागा आतून जवळजवळ उघड्याच असायच्या. लोखंडाचा गंज भुसभुशीत. ॲल्युमिनियमवर थर चढतो तो खालच्या धातूला झाकून टाकतो, तसं इथे होत नाही; गंज उलट ओल धरून ठेवतो. त्यात मीठ म्हणजे दुष्काळात तेरावा महिना नव्हे, अतिवृष्टीत तेरावा महिना. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हा खारा वारा असतो. काकांना ज्या गाड्या आठवतात त्या वाचलेल्या. बाकीच्या कधीच भंगारात गेल्या.

मग वाचलेल्या का वाचल्या? माझ्या मते एकच कारण: त्या उघडता येत होत्या, आणि उघडणारा हात जवळ होता. ॲम्बेसेडर 1950च्या दशकाच्या अखेरीपासून 2014पर्यंत जवळपास त्याच आकारात निघत राहिली. मारुती 800 डिसेंबर 1983मध्ये आली आणि जानेवारी 2014पर्यंत बनत होती. तीस-तीस, पन्नास-पन्नास वर्षं तीच गाडी, म्हणजे तालुक्याच्या गावातल्या पोरसवदा फिटरलाही डोळे मिटून तिचा कार्बोरेटर उतरवता यायचा आणि ऑटो पार्टच्या दुकानात हवा तो बुश मिळायचा. पद्मिनीला तर मुंबईच्या काळी-पिवळीने जगवलं. हजारो टॅक्स्या रोज धावायच्या म्हणून सुटे भाग बनत होते. ऑक्टोबर 2023मध्ये शेवटच्या नोंदणीच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. वेंगुर्ल्याच्या वाचकांनीही हे वाचावं: ब्रेकची रबरं, पंपाचं किट, दारांचे बीडिंग, दिसेल तिथे आत्ताच घेऊन ठेवा.

आणि तळ गंजवण्यात मालकाचा हातही कमी नसतो. माझंच सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा स्वतःच्या 800ला मी हौसेने खालून काळं कोटिंग मारलं. धुतली होती, पण पुरती सुकवली नव्हती, आणि चाकांच्या कमानीत चिखल होता तो तसाच झाकला. वरून बघाल तर झकास. दुसऱ्या पावसाळ्यात एका डबक्यातून जाताना माझ्या डाव्या पायावर खालून पाणी उडालं. चटई उचलली तर खाली रस्ता दिसत होता.

प्रश्न : मग खालून जळकं इंजिन ऑइल किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावावं का? होडीला लावतात ना? (देवबाग)

होडी लाकडाची. टरफलाचं तेल कातडी सोलतं, गाडीखाली झोपून काम करणाऱ्या पोराच्या तोंडावर ते ठिबकणार. जळक्या ऑइलमध्ये आम्ल तयार झालेलं असतं, रबरी बुश फुगतात. दिवाळीनंतर तळ गोड्या पाण्याने धुवा, कडक उन्हात दोन दिवस सुकवा, पोकळ पट्ट्यांत मेणाचं रस्टप्रूफिंग फवारून घ्या. बोनेटच्या मागे, काचेखाली पानं अडकतात, ती दर महिन्याला काढा. पाणी जायची भोकं तुंबली की ते थेट तुमच्या पायाशी येतं.

प्रश्न : सावंतवाडीहून आंबोली घाट चढताना माझी जुनी ॲम्बेसेडर मेच्या उन्हात बंद पडते. अर्धा तास थांबलं की मुकाट्याने सुरू होते. प्लग, पॉइंट नवे आहेत.

दोन आरोपी आहेत. पहिला, पेट्रोलची वाफ. मेकॅनिकल पंप इंजिनला चिकटून असतो. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापतं, वारा कमी लागतो, नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. इथेनॉलच्या पेट्रोलने हे वाढतं. दुसरा आरोपी कॉइल किंवा कंडेन्सर. गरम झाल्यावर स्पार्क सोडतात, गार झाले की साळसूद.

ओळखायचं असं: बंद पडल्या पडल्या एक प्लग काढा, टोपीत बसवून इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. ते टोक पेट्रोलच्या नळीपासून लांब ठेवा. निळी ठिणगी कडकडीत दिसली तर आरोपी पेट्रोल. पिवळी, मरतुकडी किंवा गायब असेल तर कंडेन्सर बदला, तो कॉइलपेक्षा स्वस्त. पेट्रोलचं निघालं तर पंपावर ओलं फडकं टाका. जुने ड्रायव्हर गाडीत पाण्याची बाटली आणि पंचा ठेवायचे तो तोंड पुसायला नव्हे. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून दूर फिरवून घ्या आणि रेडिएटर साफ करा.

उतरताना मात्र ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. ड्रम ब्रेक तापले की पेडल दाबलं जातं आणि गाडी तशीच पुढे जाते. आंबोलीच्या वळणांवर हे कळायला उशीर झालेला परवडत नाही.

प्रश्न : पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते का? (दापोली)

नाही. दिल्लीचा नियम इथे लावू नका. महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांनंतर आरटीओत दाखवायची, फिटनेस पास झाली की नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. पर्यावरण कर वेगळा. एप्रिल 2022पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क 5,000 रुपये झालं, आणि 2025मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ते 10,000 केलं. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करा. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाडीला 2021च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, दहा वर्षांसाठी 20,000 रुपयांत, पण मग तिने रोजचा बाजारहाट करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनी त्या फंदात पडू नये.

प्रश्न : चिपळूणला एक क्वालिस स्वस्तात मिळते आहे. गाडी वीस वर्षांची. घ्यावी का?

गाडी म्हणून क्वालिसला माझं मत आहे. 2000 ते 2005 एवढीच पाच वर्षं ती इथे बनली, पण वेगळी भक्कम चॅसी आणि टर्बो नसलेलं साधं 2.4 लिटरचं डिझेल. वडापवाल्यांनी, म्हणजे प्रवासी कोंबून नेणाऱ्यांनी, तिचा पुरता पिट्टा पाडला तरी ती कुरकुरली नाही.

स्वस्त का आहे, ते मात्र शोधा. 22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि धुऊनपुसून पुन्हा उभ्या राहिल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. बुडालेल्या गाडीत आतल्या भागावर मातकट रेघ सापडते. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजले आहेत का पाहा. गालिचा कोपऱ्यातून उचलून वास घ्या. नदीच्या गाळाचा वास अत्तराच्या डबीने जात नाही. मग चॅसीवर ठोका. जुनी गाडी रंग बघून कधीच घेऊ नये. खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक ठेवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

प्रश्न : वडील सत्तरीचे. त्यांच्या पद्मिनीवर दरवर्षी खर्च होतो, त्यात सेकंडहँड नवी गाडी आली असती. त्या डब्यात आहे तरी काय? (मालवणहून एक लेक)

हिशोबात तुमचंच बरोबर आहे, ताई. एअरबॅग नाही, एसी नाही, धडक बसली तर वाचवणारं काही नाही. हायवेवर रात्री त्यांना ती नेऊ देऊ नका, याबाबतीत मी तुमच्या बाजूने.

पण त्यांच्या शेजारी बसून बघा. पुढचं सीट सलग आहे, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे मधे काही येत नाही. दाराच्या काचेपुढची छोटी त्रिकोणी काच उलटी फिरवा, तळाशिलच्या किनाऱ्यापर्यंतचा सगळा वारा थेट तुमच्या अंगावर येईल. आणि त्यांच्याकडे लक्ष ठेवा. इंजिनचा आवाज जरा बदलला की त्यांचा पाय आपसूक सैल होतो, हात चोककडे जातो. गाडीला काय होतंय ते त्यांना कानाने कळतं, आणि घरी येऊन एका पान्याने ते दुरुस्तही करता येतं. त्यांच्या आयुष्यात अशी दुसरी वस्तू आता उरली आहे का, मला माहीत नाही.

सकाळी सातच्या आत जा, रस्ता रिकामा असतो. आदल्या दिवशी ब्रेक ऑइलची पातळी मात्र तुम्ही स्वतः बघा.