जिराची टास्क्स आयडीईमधूनच सांभाळता येतात का? दर वेळी ब्राउझर उघडून कार्ड हलवायचा वैताग आलाय

येतात. (जिरा म्हणजे टीमची कामं कार्डांच्या रूपात बोर्डवर ठेवणारं सॉफ्टवेअर, आयडीई म्हणजे आपण कोड लिहितो ते.) एवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण तू खाली लिहिलंयस की 'आमचा लीड म्हणतो कोडमधे टूडू लिहून ठेवणारे आळशी असतात, काम फक्त बोर्डवर पाहिजे' (टूडू म्हणजे 'हे नंतर करायचंय' अशी कोडमधेच लिहून ठेवलेली टीप), ते वाचलं आणि चहात बुडवलेला उंडो (पाव) हातातून सुटून तळाला गेला. हे वाक्य मी जवळजवळ शब्दाला शब्द ऐकलंय. गोव्यात पर्वरीच्या एका ऑफिसात, २०१९ च्या सप्टेंबरात, सात माणसांसमोर, आणि ते माझ्याबद्दल होतं.

आधी तुझं उरकतो. व्हीएस कोडमधे (हा एक आयडीई) 'रन टास्क' दिसत असेल तर ते वेगळंच प्रकरण आहे, तिथली टास्क म्हणजे बिल्ड कर (कोडमधून प्रोग्राम तयार कर), टेस्ट चालव असल्या कमांडी, टास्क्स डॉट जेसन फायलीत लिहितात त्या, तिथे जिरा शोधत बसू नको. जिरासाठी ॲटलाशियनचं (जिरा त्यांचंच) स्वतःचं एक्स्टेन्शन, म्हणजे आयडीईला जोडायची पुरवणी, आहे, ते टाक, तुझ्या नावावरची कार्डं साइडबारला दिसतील, 'स्टार्ट वर्क' म्हटलंस की ब्रँच (त्या कामापुरती कोडची वेगळी वाट) काढून देतं आणि कार्डाचं स्टेटसही तिथूनच बदलता येतं. गिटहब इश्यूज वापरणाऱ्यांना हेच गिटहबच्या पुल रिक्वेस्टवाल्या एक्स्टेन्शनमधे मिळतं. इंटेलिजे (दुसरा आयडीई) असेल तर टूल्स मेनूत 'टास्क्स अँड कॉन्टेक्स्ट्स' बघ, सर्व्हरचा पत्ता नि टोकन (पासवर्डसारखी किल्ली) एकदा भरायचं, मग ऑल्ट-शिफ्ट-एन दाबून कार्ड निवडलं की ब्रँच, चेंजलिस्ट (बदललेल्या फायलींची यादी) सगळं तयार, शिवाय मागच्या कामाच्या उघड्या फायली गुंडाळून ठेवतो आणि परत त्या कामावर आलास की जशाच्या तशा उघडून देतो. लीडला कार्ड हललेलं दिसेल, तुला ब्राउझर दिसणार नाही. झालं तुझं काम.

आता माझं ऐक.

आम्ही हॉटेल बुकिंगचं सॉफ्टवेअर करायचो. मोठी हॉटेलं नव्हेत, कळंगुट-कांदोळीकडची वीस-तीस खोल्यांची, मालक स्वतः काउंटरवर बसतो तसली. २०१८ च्या डिसेंबरात, १९ तारखेला, म्हणजे मुक्तिदिनाची सुट्टी, मी घरी, आणि एका मालकाचा फोन की नाताळ ते न्यू इयरचा दर वेगळा लावायचाय, आत्ता. सॉफ्टवेअरमधे तशी सोयच नव्हती, एकच दर आणि एक पावसाळी सूट एवढंच. सरांना (आमचे लीड, सगळे सरच म्हणायचो) फोन केला, ते म्हणाले आत्ता कसंतरी बसव, नंतर नीट करू. बसवलं. २४ डिसेंबर २०१८ ते २ जानेवारी २०१९ या तारखा असतील तर दर ९,५०० आणि जीएसटी २८ टक्के, बाकी नेहमीचं, असं सरळ कोडमधे कोंबलं. वर्षासकट. आणि त्याच्या डोक्यावर टूडू लिहिला की हे हार्डकोड आहे, मालकाला स्वतः दर भरता येईल असा स्क्रीन करा, पुढच्या सीझनआधी.

'नंतर नीट करू' मधलं नंतर कधी येतं ते तुला एक-दोन वर्षांत कळेलच.

२०१९ ची चवथ (गणेश चतुर्थी) २ सप्टेंबरला होती. आमचं मूळ घर सत्तरी तालुक्यात, चवथीला सगळं खानदान तिथे जमतं. माटोळी (गणपतीच्या डोक्यावर फळं टांगतात ती) आदल्या रात्रीच बांधून झालेली, नारळ, सुपारीची शिपटी, चिबूड, छत दिसत नव्हतं, स्वयंपाकघरात खतखत्याचा वास आणि आम्ही पोरंटोरं घुमट (वाद्य) घेऊन आरतीला बसणार एवढ्यात फोन. तोच मालक. 'अरे, कितें जालें हें?' ३१ डिसेंबरच्या ११ खोल्या २,८०० ने गेल्या होत्या! लोक न्यू इयरचं बुकिंग चवथीच्या सुमारालाच सुरू करतात हे गोव्यात राहून मला सुचायला हवं होतं. कोडमधल्या तारखा गेल्या वर्षीच्या, त्यामुळे या वर्षीची ३१ तारीख त्याला साधा दिवस वाटली. एका रात्रीचं नुकसान ७३,७०० रुपये, हिशोब मालकाने फोनवरच करून ऐकवला.

घरात रेंज नाही. लॅपटॉप घेऊन मागच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) चढलो, पाऊस झिमझिम, चुलतभावाने वर छत्री धरलेली, मोबाइलवरून नेट घेतलं. आणि इथे नीट लक्ष दे, कारण तुझ्या लीडचं म्हणणं इथेच पडतं. नऊ महिन्यांपूर्वी सुट्टीच्या दिवशी घाईत केलेलं काम, कुठल्या फायलीत केलं काही आठवत नव्हतं. गिट ग्रेप केला (सगळ्या कोडमधे शब्द शोधायची कमांड), टूडू शोधला, सीझन शब्द लावला, दोन मिनिटांत ती ओळ समोर. माझ्याच शब्दांत लिहिलेलं की इथे काय अर्धवट आहे. तो टूडू नसता तर मी गडग्यावर अंधार पडेपर्यंत बसलो असतो. आरती संपायच्या आत तारखांचा पॅच (दुरुस्ती) वर गेला (गेलेल्या ११ खोल्या गेल्याच, मालकाने शब्द पाळून त्याच दरात दिल्या आणि आमच्या कंपनीला वर्षभराच्या मेंटेनन्सवर पाणी सोडावं लागलं).

चवथीनंतर ऑफिसात मीटिंग. सरांनी तो टूडू स्क्रीनवर लावला आणि म्हणाले, हे बघा, कोडमधे लिहून ठेवलं की असं होतं, हे कोणी वाचत नाही, बोर्डवर कार्ड असतं तर मी पुढच्या स्प्रिंटला (कामाच्या फेरीत) घेतलं असतं. आळशीपणा आहे हा. आजपासून टूडू बंद. मी गप्प. मला वाटलं खरंच कार्ड करायचं राहिलं असेल. मग सगळ्या कोडमधले टूडू काढून टाकायचं काम पण मलाच, शंभराच्या वर होते, एका कमिटमधे (कोडमधल्या बदलांची एक नोंद) सगळे उडवले, मेसेज लिहिला 'साफसफाई'. लहानपणी वही हरवल्याची शिक्षा म्हणून बाईंनी वर्ग झाडायला लावला होता तसं वाटत होतं.

पुढचं मात्र कोणी रचून सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. २० सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलची ३७ वी बैठक झाली, ती पण आपल्या गोव्यातच, आणि हॉटेलच्या खोल्यांवरचा कर बदलला. १,००० पर्यंत शून्य, १,००१ ते ७,५०० ला १२ टक्के, त्यावर १८, लागू १ ऑक्टोबरपासून. म्हणजे हातात दहा दिवस आणि आमच्या कोडमधे २८ आणि १८ हे आकडे कुठे कुठे पेरलेले होते देव जाणे. ज्याने पेरले त्याने बाजूला टूडू टाकला होता, आणि ते टूडू मी दोन-अडीच आठवड्यांपूर्वी स्वतःच्या हाताने उडवले होते. मग काय, तोच साफसफाईचा कमिट उघडला. लाल रंगात सगळे पुसलेले टूडू, फायलीच्या नावासकट, ओळीच्या नंबरासकट. कंपनीत तेव्हा तेवढी खरी यादी दुसरी कुठली नव्हती, बोर्डवर तर नव्हतीच. तो कमिट आयडीईत एका बाजूला उघडा ठेवून मी आणि एक मुलगी एकेक ओळ सोडवत गेलो, चार दिवसांत संपलं.

आणि त्याच गडबडीत, बोर्डवर कराबद्दल जुनं काही सापडतं का म्हणून बंद झालेल्या कार्डांतही सर्च मारला, तर न्यू इयरच्या दराचं कार्ड. मीच केलेलं, २१ डिसेंबर २०१८ ला. 'सीझन दर हार्डकोड आहेत, स्क्रीन करणे.' इतिहास उघडला. जूनमधे बंद. बॅकलॉग (राहिलेल्या कामांचा ढीग) साफ करताना चाळीसेक कार्डं एकदम निवडून बंद केली होती, शेरा 'सीझन संपला, लागू नाही'. कोणी बंद केली ते नाव सांगायची गरज नाही, बॅकलॉग साफ करायचा अधिकार आमच्याकडे एकाच माणसाला होता.

म्हणजे बोर्डवरचं कार्ड मेलं होतं आणि कोडमधला टूडू जिवंत होता, शिक्षा झाली टूडूला.

मी दाखवलं सरांना. कॉफीच्या मशीनजवळ, मोबाइलवर स्क्रीनशॉट. त्यांनी झूम करून बघितलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, 'मग टूडूमधे कार्डाचा नंबर का नाही लिहिलास? लिहिला असतास तर बंद करताना कोडमधे शोधलं असतं मी.' शोधलं नसतंच त्यांनी, चाळीस कार्डं एका क्लिकने बंद करणारा माणूस कोडमधे शोधतो होय? पण नंबर का नाही लिहिला याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. विषय तिथेच संपला. आळशी म्हणाले होते सात जणांसमोर, आणि हे झालं मशीनजवळ दोघांत.

तर, तुझ्या प्रश्नाचा जो भाग तू विचारलाच नाहीस तो हा की आयडीईतून टास्क सांभाळायची म्हणजे नुसतं कार्ड डावीकडून उजवीकडे ढकलायचं नसतं, ते काय कुठूनही ढकल. कोडची ओळ आणि कार्ड एकमेकांना बांधलेले पाहिजेत. टूडू लिहिलास की त्यात कार्ड नंबर. कार्ड नसेल तर वर सांगितलेली दोन्ही एक्स्टेन्शनं टूडूच्या ओळीवरूनच नवीन कार्ड करून देतात, बस. ब्रँचच्या नावात नंबर, कमिटमधे नंबर. आम्ही नंतर बिल्डमधे पाच ओळींची स्क्रिप्ट टाकली, बिननंबरी टूडू सापडला की बिल्ड फेल. जावास्क्रिप्टवाल्यांना ईएसलिंटमधे (कोड तपासणारं साधन) 'नो वॉर्निंग कमेंट्स' नावाचा नियम आयता मिळतो पण तो सरसकट सगळ्याच टूडूंवर ओरडतो, म्हणजे आमच्या सरांसारखाच, म्हणून मी स्वतःची स्क्रिप्टच बरी म्हणतो. वर्षभराने त्या स्क्रिप्टला आणखी एक काम दिलं, नंबर काढून जिराला विचारायचं की हे कार्ड बंद आहे का, आणि बंद असूनही टूडू कोडमधे असेल तर आठवड्याला एक मेल. पहिल्याच मेलमधे १९ निघाले.

माझी पहिली नोकरी इक्लिप्स या आयडीईवर होती, तिथे मायलिन नावाचं प्लगइन वापरायचो, कॅनडाच्या मिक कर्स्टनने पीएचडी करताना काढलेलं, आधी त्याचं नाव मायलार होतं. टास्क चालू केली की त्या कामात हात न लावलेल्या फायली बाजूच्या यादीतून दिसेनाशा व्हायच्या. पण माझा जीव होता दुसऱ्याच गोष्टीवर. तो सगळा पसारा, म्हणजे कुठल्या फायली, कुठले मेथड, असा बांधून बग-रिपोर्टला जोडता यायचा, आणि पुढचा माणूस तो उघडून तिथूनच काम पुढे न्यायचा. मी चवथीला गावी आणि दुसरा कोणीतरी ऑफिसात, तर त्याला माझा पसारा मिळाला असता, गडग्यावर छत्री नको. हे सगळं २००७ च्या आसपासच होतं! आणि आज आपण हँडओव्हर म्हणून 'रेट्सचं थोडं बघ हां' असा व्हॉट्सॲप करतो.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. इंटेलिजेचा कॉन्टेक्स्ट (उघड्या फायलींचा तो पसारा) तुझ्याच मशीनवर राहतो, लॅपटॉप बदलला की गेला, आणि सहकाऱ्याला दिसत नाही. कंपनीचा जिरा व्हीपीएनच्या (खाजगी नेटवर्कच्या) मागे असेल तर बाहेरून प्लगइन नुसतं गोल फिरत बसेल. टोकन प्रोजेक्टच्या फायलीत लिहून कमिट करू नको, हसू नको, होतं असं. कार्ड बंद करताना तुमच्याकडे दहा रकाने सक्तीचे असतील तर ते बहुधा ब्राउझरमधेच जाऊन भरावे लागतील. तीन माणसांची टीम असेल तर यातलं काहीच नको, भिंतीवर कागद लाव. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः आजही संध्याकाळी घरी निघताना एकदा ब्राउझरमधे बोर्ड उघडतोच, कारण दुसरे काय करतायत ते आयडीईच्या त्या चिंचोळ्या साइडबारमधे कळत नाही. म्हणजे तुझा लीड अगदीच चुकीचा आहे असं नाही. फक्त आळशी म्हणाला ते चुकलं. त्याला हे उत्तर दाखवू नकोस, त्यापेक्षा पुढच्या वेळी तो बॅकलॉग साफ करायला बसला की तुझ्या कार्डांचे नंबर कोडमधे एकदा ग्रेप करून बघ.

सर आता दुसऱ्या कंपनीत आहेत, वेर्ण्याला, तिथेही लीडच. मराठी उत्तरं वाचतात असं ऐकून आहे. सर, कार्ड नंबर ३१७. स्क्रीनशॉट अजून आहे.