४ जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर स्वॅप वाढवूनही पीसी हँग होतो, काय करावं?

स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, २ चा ८ जीबी केला तरी फरक नाही, आता १६ करू का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. त्यानं हँग होणं कमी होत नाही, लांबतं.

मी खानापूरला टायपिंग-डीटीपीचं दुकान चालवतो. पीसी तुमच्यासारखाच: ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क, लिनक्स मिंट. तुमच्याकडं ब्राउझरचे दहा-बारा टॅब आणि लिब्रेऑफिस; माझ्याकडं एका खिडकीत कन्नड अर्ज, दुसरीत मराठी लग्नपत्रिका, तिसरीत कुणाचातरी उतारा. मीही स्वॅप १६ केला होता. जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, दारात माणसं उभी असताना पीसी असा अडकला की माउसचा बाणसुद्धा हलेना. डिस्कचा दिवा वीस मिनिटं पेटलेलाच. तेवढ्यात लाइट गेली आणि कणकुंबीकडून भर पावसात आलेल्या एका म्हाताऱ्या मामांचा भरत आणलेला अर्ज गेला. त्याची रुखरुख मला अजून आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

रॅम भरली की कर्नल (लिनक्सचा गाभा, मेमरीचं वाटप तोच बघतो) कमी लागणारा मजकूर स्वॅपमध्ये नेऊन ठेवतो. तो परत लागला की डिस्कवरून आणायचा. रॅमला जे काम साधारण १०० नॅनोसेकंदांचं, त्याला फिरती डिस्क १० मिलिसेकंदांच्या आसपास घेते, म्हणजे लाखपट. स्वॅप लहान असेल तर तो भरतो, कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणारा एखादा प्रोग्राम बंद करतो आणि पीसी वाचतो. स्वॅप प्रचंड असेल तर ती वेळच येत नाही, नुसती ने-आण चालू राहते.

तेव्हा आधी हीच ने-आण बघा. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) व्हीएमस्टॅट (vmstat) लिहून एक जागा सोडून १ लिहा, दर सेकंदाला एक ओळ येईल. त्यात ‘एसआय’ (si) आणि ‘एसओ’ (so) असे दोन रकाने आहेत: स्वॅपमधून आत आलेलं आणि बाहेर गेलेलं. स्वॅप १ जीबी वापरलेला दिसतोय, पण हे दोन्ही रकाने शून्यावर आहेत, तर काही बिघडलेलं नाही. दोन्हीकडं हजारांतले आकडे थांबेचनात, तर रॅम खरंच पुरत नाही. आणि ‘फ्री’ कमांडमधला ‘फ्री’ रकाना बघून घाबरू नका, रिकामी रॅम कर्नल कॅशेला, म्हणजे वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला, वापरतोच. बघायचा तो ‘अव्हेलेबल’.

मला खरा उपयोग झाला तो झेडरॅमचा. रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून वापरायचा, पण त्यातला मजकूर दाबून (कॉम्प्रेस करून), साधारण निम्म्या-तिसऱ्या हिश्श्यात बसवून. डिस्कला हात लागत नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये हे २०२० पासून आपोआप चालू असतं. मिंटमध्ये ‘झेडरॅम-टूल्स’ (zram-tools) हे पॅकेज टाका, त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘पर्सेंट’च्या (PERCENT) ओळीपुढचं हॅशचं चिन्ह काढून ५० ठेवा आणि पीसी रीस्टार्ट करा. ते राहून गेलं तर फारच लहान स्वॅप तयार होतो आणि माणूस म्हणतो, काही उपयोग नाही.

‘स्वॅपिनेस १० करा’ हा सल्ला तुम्ही वाचला असेलच. कर्नलनं स्वॅपकडं किती लवकर वळायचं ते या आकड्यावर ठरतं. मूळ आकडा ६० असतो. १० हे फिरत्या डिस्कवरच्या स्वॅपसाठी ठीक, झेडरॅमसोबत मात्र उलटं, १०० किंवा वर ठेवलेलं चांगलं. कर्नल ५.८ पासून तो २०० पर्यंत नेता येतो.

डिस्कवरचा स्वॅप पूर्ण काढू नका, ४ जीबीवर आणा. झेडरॅमचा अग्रक्रम वरचा असतो, तो भरल्यावरच डिस्कची पाळी येते. आपल्या भागात पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून पीसी बंद करणं) लावायचा विचार असेल तरी डिस्कवरचाच स्वॅप लागेल. झेडरॅममध्ये ठेवलेलं लाइटबरोबर जातं.

एवढं करूनही आकडे थांबले नाहीत तर रॅमची दुसरी पट्टी घ्या. बेळगावला जाताना जुनी पट्टी सोबत न्या, डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही.

व्हीएमस्टॅटच्या दहा-बारा ओळी इथं टाका, बघून सांगतो.