नोटीस न देता नोकरी सोडली, आता केस होईल का?

वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात साडेतीन वर्षं काम केलेला सत्तावीस वर्षांचा तरुण समुपदेशनाला आला, तेव्हा पाच दिवस कामावर गेला नव्हता. चाकणच्या नव्या कंपनीने पंचवीस दिवसांत रुजू व्हायला सांगितलेलं, आणि इकडे नोटीस साठ दिवसांची. मॅनेजरसमोर विषय काढायचा कसा, हे न सुचून त्याने फोनच बंद करून टाकला होता. मग एचआरचा ‘विनापरवाना गैरहजेरी’चा मेल आला. गावी वडिलांना फोन गेला. एका सहकाऱ्याने तर व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, तुझ्यावर केस टाकणार आहेत. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘‘मॅडम, पोलीस घरी येतील का?’’

नोटीस न दिल्याबद्दल पोलीस येत नाहीत. हा करारभंग आहे, फौजदारी गुन्हा नव्हे. कंपनीत परत येऊन काम कर, असा हुकूमही न्यायालय देत नाही. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टप्रमाणे व्यक्तिगत सेवेचा करार असा जबरदस्तीने राबवता येत नाही. कंपनी नुकसानभरपाई मागू शकते. रक्कम करारात ठरलेली असेल, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार ती वाजवी असावी लागते आणि ठरलेल्या आकड्याच्या वर जात नाही. पोलिसांपर्यंत गोष्ट जाऊ शकते ती कंपनीचा लॅपटॉप, मोजमापाची उपकरणं किंवा कंपनीच्या कामासाठी दिलेले पैसे दाबून ठेवले तर. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची लेखी हमी, असेल तर तोही हलक्यात घेऊ नये: सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका सरकारी बँकेची, तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली आहे.

याच्या नेमणूकपत्रात बाँड नव्हता. खरं तर ते पत्र त्याने सही केल्यापासून उघडलंच नव्हतं. ओळ अशी होती: साठ दिवसांची नोटीस किंवा कमी पडलेल्या दिवसांचं मूळ वेतन. त्यातल्या ‘किंवा’वर सगळं अवलंबून असतं. काही पत्रांत पैसे भरून सुटण्याची मुभा ‘व्यवस्थापनाच्या मर्जीवर’ ठेवलेली असते. तिथे पैसे देऊ केले म्हणून लगेच सुटका होत नाही, लेखी होकार घ्यावा लागतो.

एचआरने फोनवर मागितले होते दोन महिन्यांचा पूर्ण पगार, ८४,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९९,१२०. यातला जीएसटी चूक. नोटीस पगाराच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. पगारही पूर्ण नव्हे, मूळ धरायचा: २१,००० भागिले ३०, दिवसाला ७०० रुपये. आजपासून वीस दिवस काम केलं तर चाळीस दिवस उरतात. शिल्लक चौदा दिवसांची रजा कंपनीने त्यात वळती केली तर सव्वीस. सव्वीस गुणिले ७०० म्हणजे १८,२००. गैरहजेरीचे पाच दिवस बिनपगारी जातील ते वेगळे. आकडा कागदावर आल्यावर त्याच्या खांद्यावरचा ताण उतरलेला दिसला. बहुतेकांचं असंच होतं. भीती रकमेची नसते, रक्कम माहीत नसण्याची असते.

दोन पळवाटा त्याने स्वतःच सुचवल्या. डॉक्टरांकडून खोटं आजारपणाचं सर्टिफिकेट, नाहीतर बाहेरून ‘बनवून मिळणारं’ रिलीव्हिंग लेटर, म्हणजे जुन्या कंपनीने कार्यमुक्त केल्याचं पत्र. दोन्हींना स्पष्ट नकार दिला. नवी कंपनी पडताळणी करताना जुन्या एचआरला मेल टाकते, यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, नोकरीच्या तारखा पाहते. करारभंगाचं साधं प्रकरण मग बनावट कागदपत्रांचं होतं आणि नवी नोकरीही जाते.

त्याच दिवशी राजीनाम्याचा मेल गेला: गैरहजेरीबद्दल एक वाक्य दिलगिरीचं, शेवटच्या दिवसाची प्रस्तावित तारीख, कामाचं हस्तांतरण, उरलेले दिवस नेमणूकपत्राच्या कलमाप्रमाणे रजा व पैशांत वळते करण्याची विनंती. प्रत स्वतःच्या खासगी मेलवर, कारण कंपनीचा मेल कधीही बंद होतो. पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र आणि फॉर्म १६ जपून ठेवायला सांगितलं. मात्र कंपनीच्या ड्रॉइंग आणि फाइल्स खासगी मेलवर पाठवायच्या नाहीत. नोटिशीपेक्षा खरी कायदेशीर डोकेदुखी त्यातून निघते.

मॅनेजरशी बोलण्याची तालीम करून घेतली. सगळा घोळ तिथून सुरू झाला होता. वाक्य एकच ठरवलं: ‘‘सर, निर्णय झालाय, शेवटचा दिवस कोणता धरायचा तेवढं ठरवू या.’’ नव्या कंपनीचं नाव, पगार, जुन्या तक्रारी, काहीच काढायचं नाही. मॅनेजरने आवाज चढवला तर ‘‘मी हे मेलवरही लिहितो’’ म्हणून उठायचं. मॅनेजर आधी पंचेचाळीस दिवसांवर अडून बसले. तपासणीचे अहवाल आणि पुरवठादारांच्या प्रलंबित तक्रारी यांची यादी समोर ठेवल्यावर वीसवर आले. स्वीकृतीचा मेल चाकणला पाठवला. रिलीव्हिंग लेटर नंतर चालेल, असं त्यांनी लेखी कळवलं. हे आधी विचारलं असतं तर फोन बंद करायची वेळ आली नसती.

छळ होत असेल, पगार थकला असेल किंवा जिवाला धोका असेल तर तडकाफडकी सोडणं समजण्यासारखं आहे. तेव्हाही राजीनाम्यात कारण तारखांसह लिहावं.

वकिलाची नोटीस आलीच तर तिला उत्तर द्यावं. ते न्यायालयाचं समन्स नसतं, पण गप्प बसणं विरोधात जातं. वस्तू परत करताना फोटो आणि पोच घ्यावी. केलेल्या दिवसांचा पगार अडला तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन देण्याची तरतूद आहे. नोटीस पूर्ण केली नाही म्हणून पीएफ अडवता येत नाही. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर स्वतः नोंदवता येते. मोबाइल आधारला जोडलेला लागतो, आणि तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली टाकावी लागते.