जीआरईत वेळ पुरत नाही

प्रश्न : ताई, मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. जीआरई, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणासाठी द्यायची प्रवेश परीक्षा, महिन्यावर आलीय. इंग्रजी उताऱ्यांत अडकते नि शेवटचे प्रश्न कोरे राहतात. काय करू?

उत्तर : कोरा एकही ठेवू नकोस गं! चुकीला गुण कापत नाहीत. इंग्रजीचे भाग दोन : 18 मिनिटांत 12 प्रश्न, मग 23 मिनिटांत 15. म्हणजे प्रश्नाला जेमतेम दीड मिनिट. मीही सुरसागर तळ्याजवळच्या मावशीच्या घरी नुसत्या शब्दांच्या याद्या घोकल्या आणि उतारा दिसला की थिजायचे. शेवटी तिचं स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर ठेवून रोज दोन उतारे सोडवले, तेव्हा हात बसला. अडलेल्या प्रश्नाला खूण करून पुढे जा. त्याच भागात परत येता येतं. आणि नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर आजच ताडून बघ.