वहीची आतली कड

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तुझा लांबलचक निरोप दोनदा वाचला. पौषात तू पाच रात्री मांडावर, म्हणजे गावाने राखलेल्या पवित्र अंगणात, बसून बायकांच्या ढालो नाचाची गाणी मोबाईलवर घेतलीस आणि एकोणीस तासांचे ध्वनिमुद्रण जमवलेस. आता फाल्गुन उजाडला, दोन विषयांच्या आयएसए, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षा, तोंडावर आल्या, गाईड पहिले प्रकरण मागत आहेत, वाळपई ते पणजी आणि पणजी ते गोवा विद्यापीठ अशा दोन बसांत तुझा दिवस संपतो आणि प्रबंधाचे एक पानही झालेले नाही. म्हणून विषयच बदलून टाकावा का, असे तू विचारतेस. बदलू नकोस. त्यावर अधिक बोलण्यासारखे काही नाही.

मला खुपले ते तुझे दुसरे वाक्य. ‘सर, मटेरियल सगळे आहे, फक्त लिहायचे राहिले आहे.’ तुझ्याजवळ काहीही नाही, मुली. मोबाईलजवळ आहे. जे तू स्वतःच्या हाताने कागदावर उतरवले नाहीस ते अजून तुझे झालेले नाही, आणि या पत्रात मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तेव्हा कंटाळा येईल याची तयारी ठेव.

ढालोत बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या असतात, एक रांग ओळ म्हणते आणि दुसरी ती उचलते, हे तुला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे; मी पुरुष, मला मांडावर कोण उभे करणार? पण ऐकताना दोन्ही रांगांचा मिळून एकच आवाज होतो आणि कान समाधान मानतो. तीच ओळ लिहायला बसलीस की हात अडतो. हा शब्द पहिल्या रांगेने असा म्हटला आणि दुसरीने थोडा फिरवून म्हटला, तर लिहायचा कोणता? इथे मराठीतला प्रत्यय आला आणि लगेच पुढे कोंकणीतला, तो गाणारीने बदलला की गाण्याबरोबरच तसा आला? हात अडतो तिथे प्रश्न असतो आणि तुझे पहिले प्रकरण त्या अडण्यातूनच निघणार आहे. तुझी मैत्रीण बोललेले आपोआप टंकून देणारे ॲप वापरते, म्हणून तूही वापरावेस का, असे विचारलेस. ते ॲप कुठेच अडणार नाही, तुमच्या सत्तरी तालुक्याच्या बोलीतला न कळलेला शब्द सफाईने एखाद्या ओळखीच्या शब्दात बदलून तुझ्या हाती ठेवेल, आणि म्हणूनच ते तुझ्या उपयोगाचे नाही.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो? चुकलेल्या माणसाच्या. १९९३ मध्ये मी याच ताळगावच्या पठारावर एम.ए. करीत होतो. १९८५ साली स्थापन झालेले विद्यापीठ तेव्हा नवेच होते, आणि मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र पणजीत होते त्या दिवसांच्या आठवणी शिक्षक वर्गात काढीत. माझा विषय एका देवस्थानाच्या जमाखर्चाच्या मोडी वह्यांचा होता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि लेखणी शक्यतो न उचलता ओळ पुढे धावते, त्यामुळे वाचन फार सावकाश होई. ते टाळण्यासाठी मी सगळ्या वह्यांच्या छायाप्रती काढून आणल्या, घरच्या पंख्याखाली बसून त्या चाळल्या आणि वेळेत प्रबंध सादर केला. त्यात ‘या वह्यांत स्त्रियांचा उल्लेख आढळत नाही’ असे एक ठसठशीत वाक्य आहे. परीक्षकांनी त्याखाली रेघ ओढून ‘महत्त्वाचे निरीक्षण’ असा शेरा मारला.

सहा वर्षांनी त्याच वह्या मूळ रूपात हाताळायला बसलो. शिवण घट्ट असल्याने यंत्राच्या काचेवर पानाची आतली कड कधी टेकलीच नव्हती. त्या कडेला, शिवणीला चिकटून, बारीक अक्षरात सडासंमार्जन करणाऱ्या बायकांची नावे होती आणि प्रत्येकीला किती कुडव (धान्याचे जुने माप) भात दिले त्याचा आकडा होता, तोही वर्षानुवर्षे. माझे ते वाक्य अजून ग्रंथालयाच्या फळीवर आहे आणि त्यावर मला चांगले गुण मिळालेले आहेत.

त्यानंतर मी पीएच.डी.साठी एक्केचाळीस वह्या हाताने उतरवायला घेतल्या. सत्ताविसाव्या वहीवर असताना मुदत संपली आणि नोंदणी रद्द झाली. माझ्याबरोबरचे, छायाप्रतींवर काम करणारे, प्राध्यापक झाले, आणि मी सव्वीस वर्षे अकरावी-बारावीला शिकवले, म्हणून तर तू मला भेटलीस. हट्टापायी मी वाया गेलो असे घरातही बोलले जाते. तू हे विचारलेले नाहीस, तरी सांगतो. त्या सत्तावीस मूळ वह्यांपैकी दोन पुढे वाळवीने खाल्ल्या, आणि त्यांतला मजकूर आज फक्त माझ्या कपाटात आहे. तेव्हा वाया कोण गेले ते ठरवण्याची लोकांनी इतकी घाई करू नये. अर्थात चौदा वह्या राहिल्या, हेही खरे, आणि तुझे तसे होऊ नये म्हणून पुढचे लिहितो.

एकोणीस तास उतरवू नकोस. एक रात्र निवड, शक्यतो ज्या रात्री तुझी मावशी पहिल्या रांगेत होती ती. अर्ध्या तासाच्या गाण्याला तुझे पाच-सहा तास जातील आणि सुरुवातीला त्याहून अधिक, तेव्हा रोज थोडेच, पण रोज. डाव्या पानावर पेन्सिलीने गाणे लिही आणि उजवे पान अडलेल्या जागांसाठी कोरे सोड. दुपारी पठारावरचा जांभा तापतो तेव्हा कॅन्टीनमध्ये जीव काढत बसण्यापेक्षा ग्रंथालयात जा. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेंकरांचा संग्रह तिथे आहे. दफ्तरे वाचण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या पुस्तकांशेजारी बसून लिहायला काही हरकत नाही. बसमध्ये फक्त ऐक, लिहू नकोस, अक्षर बिघडते. आयएसएचा अभ्यास नेहमीसारखा कर, त्याबद्दल तुला सांगावे लागत नाही. कार्निव्हल तू पाहिलास, हुर्राकाचा, काजूच्या दारूचा, मोसम आहे, मित्रमंडळी बोलावतील, तर खुशाल जा. मी गेलो नव्हतो आणि त्याने माझी एकही वही अधिक झाली नाही.

शिगम्याला घरी जाशील तेव्हा घोडेमोडणीचा नाच पाहा, पण ती वही बरोबर ने आणि मावशीला एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखव. ती हसेल तिथे तू चुकीचे ऐकलेले आहेस. ती गप्प होईल तिथे तर अधिक सावधपणे विचार. मोबाईल पिशवीतच राहू दे.

सुटी संपल्यावर येताना पहिली दहा पाने घेऊन ये. छायाप्रत नको, वहीच हवी. मला खाडाखोड पाहायची आहे.

तुझा,
जुना शिक्षक